ताराचा फोटो, शंभर केबीच्या आत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ सप्टेंबर २०२५

आत्ती,

पाया पडते. फोनवर पडलं तर तुला दिसत नाही, म्हणून कागदावर.

काल तू म्हणालीस, "तुजं ते 'हां आत्ती, हां आत्ती' बास झालं. काय करायचं ते लिवून दे, गोठ्यात चिकटवतो." म्हणून बसलेय लिहायला. दहावीच्या पेपरानंतर मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. दुकानात गणपतीचे फ्लेक्स उतरले, नवरात्राचे चढतायत, आणि मधे वाढदिवस तर रोजचेच. आपल्या कोल्हापुरात बाळाचा आधी फ्लेक्स लागतो, मग बारसं होतं.

तर ऐक. दिवाळी-पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीचा फॉर्म यंदाही बावड्याच्या समितीनं ऑनलाइनच ठेवलाय. शेवटची तारीख दहा ऑक्टोबर. फोटो एकच, जेपीजी, शंभर केबीच्या आत. केबी म्हणजे फोटोचं वजन. आणि म्हशीची ओळखीची खूण स्पष्ट दिसायला पाहिजे, म्हणजे आपल्या ताराच्या कपाळावरचा पांढरा ठिपका. त्या दिवशी फोटो आणि म्हैस ताडून बघतात, मगच बिल्ला. गेल्या वर्षी जे झालं ते झालं. यंदा नीट करू.

एक गोष्ट देवाशपथ पाळ. फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नकोस. तू खवा करतेस ना? दूध आटवलं की खवा होतो. हलका, डब्यात मावणारा. पण त्या खव्यात पाणी घातलं म्हणून परत दूध होतं का? फोटोचं तसंच. व्हॉट्सॲप फोटो आटवतं. पुढच्यानं पुढे पाठवला की ते परत आटवतं. शेवटी माझ्यापर्यंत करपलेला येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलास तर आटत नाही, पण ते बटण तुला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू लाईटचं बिल पाठवलंस.

म्हणून सोबत कोरं मेमरी कार्ड देतेय. फोनमध्ये घाल, ताराचे फोटो काढ, कार्ड पाकिटात घालून आकारामभाऊंच्या दुधाच्या टेम्पोत दे. आटवायचं ते मी इथं आटवेन, एकदाच आणि बेतानं.

भिंतीवर लावायचं ते शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलंय. अगदी खालच्या कोपऱ्यात आहे तेही वाच, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

तुझी स्वप्नाली


वारणानगर
१४ सप्टेंबर

स्वप्नाली पोरी,

कागद पोचला. गव्हाणीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बगतो तर तारानं खालचा कोपरा खाल्लेला. त्यात काय लिवलंतंस ते मला आता ठाव न्हाय. काय चुकलं आसंल तर तिला इचार.

कार्डात त्रेचाळीस फोटू हायत. शेवटच्या धात माजा अंगठा हाय, ते सोड. बाकीच्यांत तारा राणीगत हुबी हाय. मागं कडब्याची गंजी, पेंढी, खराटा, सगळं आलंय. घर भरलेलं दिसावं की.

आणि पोरी, "जे झालं ते झालं" आसं लिवू नगंस. मी इसरलो न्हाय. समितीचा त्यो चष्मेवाला दत्तप्रसाद! म्हणं, "फोटोत खूण दिसत नाही, अर्ज नामंजूर." तुज्या डोळ्याला दिसत न्हाय त्यात माज्या म्हशीचा काय गुन्हा? फेब्रुवारीत बाजारात गावला तवा चारचौघांत इचारलं मी, चष्मा धुतूस का कदी म्हणून. मान खाली घालून गेला. बरं झालं.

यंदा तारा चालायलाच पायजे. का, ते इचारू नगंस.

तुजी आत्ती, तानाबाई


मंगळवार पेठ
१८ सप्टेंबर

आत्ती,

तारानं खाल्लेल्या कोपऱ्यात "उजेडात काढ" लिहिलं होतं. आता समजलं सगळं.

तेहतीस फोटो बघितले. काळी म्हैस, काळोखा गोठा. तुझ्या डोळ्यांना तारा दिसते, कारण तुला ती कुठं उभी असते ते माहीत आहे. मला दोन डोळे आणि एक घंटा दिसली. फोटो दाबायला लागलं की पहिला मार काळ्या रंगावर बसतो. त्यातले बारीक फरक निघून जातात आणि चौकोनी ठिगळं पडतात. आमच्या धंद्यात म्हणतात, फोटो फुटला.

आणि तुझी ती गंजी! कडब्याची एकेक काडी केबी खाते, आत्ती. फोटोत जेवढी बारीक खटपट, तेवढं वजन जास्त. आपल्याला मिळणार शंभर केबी. त्यातले ऐंशी कडब्यानं खाल्ले तर ताराला काय उरणार? सोबत एक छापून पाठवतेय, तुझाच फोटो शंभर केबीत बसवलेला. काडीन् काडी मोजता येतेय, पण कपाळावरचा ठिपका गायब.

म्हणून मागं साधी, कोरी भिंत पाहिजे. कोऱ्या भिंतीला वजन जवळजवळ नसतंच. सकाळचं कोवळं ऊन, मागं भिंत, पुढं तारा, आणि फोटोत दुसरं काही नाही. खराटासुद्धा नाही. मग मी आधी कापेन, मग लहान करेन आणि शेवटी थोडा दाबेन. ठिपका जागेवर राहील.

तुला हुरूप यावा म्हणून एक गंमत, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो, फोनवर पाठवलीय. पाडव्याला बावड्याच्या चौकात लावायच्या फ्लेक्ससाठी ताराला गोठ्यातून कापून बाहेर काढलीय. बघ आवडते का.

आणि "इचारू नगंस" म्हणजे काय गं? मी विचारणारच. काय झालंय?

स्वप्नाली


वारणानगर
२७ सप्टेंबर

स्वप्नाली,

आधी भांडण. ताराला तू बाथरूमच्या फरशीवर हुबी केलीस व्हय गं? पांढरा चौकोन, करडा चौकोन, पांढरा चौकोन, करडा चौकोन! आख्ख्या बावड्यात माजी म्हस न्हाणीघरात हुबी दिसनार? शेजारची बनाबाई म्हणाली, "टाइल्स भारी हायत पर." काढ ती फरशी आदी.

आता भिंतीचं. आमच्या गोठ्याची भिंत म्हंजे शेणाचं शिंतुडं आणि कोळशानं लिवलेले जुने हिशोब. तू कोरी म्हणालीस. मग मी घमेलंभर चुना भिजवला आणि पदर खोचून आख्खी भिंत पांढरी केली. पाऊस मधीच आला, म्हणून दोनदा केली. आता गोठा आसा दिसतुया की मलाच चप्पल काढून आत जावं वाटतंय.

पर गंमत फुडंच हाय. बनाबाईची अनुजा पोलीसभरतीचा फॉर्म भरतीया. तिचा फोटू तीनदा परत आलता, मागं दाराचा पडदा, फुलाफुलांचा. तिनं ताराला बाजूला सारलं आणि भिंतीफुडं हुबी ऱ्हायली. तुजा कागद वाचून तिनंच फोनवर फोटू कापला, लहान केला आणि दाबला. एका फटक्यात मंजूर! आता रोज सकाळी दोगं-तिगं येत्यात. परवा बयाबाई पेन्शनच्या दाखल्यासाठी आली, नव्वद वर्सांची. पावडर लावून आलती.

नवं फोटू कार्डात हायत. उजेडात हायत.

आता तू इचारलंस ते. आमचं मालक गेल्यापास्नं सम्राट म्हणतुया, आई, म्हस इक आणि पुण्याला चल. त्याचं चुकत न्हाय. एकुलता एक, त्याला तिकडं झोप लागत न्हाय माज्या काळजीनं. पर मी त्या तिसऱ्या मजल्यावर काय करू? तारा हे गेले त्याच साली जलमली. तिला मी बाटलीनं दूध पाजलंय. गेल्या दिवाळीला अर्ज परत आला तवा त्यो म्हणाला, "बघ, लोक पण नको म्हणतायत." तवाच ठरलं. यंदा तारा मिरवली तर त्यो परत इषय काढणार न्हाय. न्हाय मिरवली तर म्हस इकायची आणि मी पुण्याला जायाचं. माज्या तोंडानं शब्द गेलाय.

म्हणून म्हणालो इचारू नगंस.

आत्ती


मंगळवार पेठ
२९ सप्टेंबर

आत्ती,

आधी फरशी. ती फरशी नाही. तिथं काहीच नाही, पोकळ आहे, हे आम्हाला कळावं म्हणून कॉम्प्युटर ते चौकोन दाखवतो. कापलेला फोटो पीएनजी म्हणून ठेवला तर ती पोकळी टिकते. मग तारा फ्लेक्सवर कुठंही उभी करता येते, शिंगाचं टोकसुद्धा तुटत नाही. जेपीजी केला तर पोकळीत पांढरा रंग भरतो आणि म्हैस पाकिटातून डोकावल्यासारखी दिसते. म्हणून फ्लेक्सला पीएनजी, जड असला तरी चालतो. फॉर्मला जेपीजी, हलका.

पांढऱ्या भिंतीपुढचे फोटो बघून मी दुकानात ओरडलेच. ठिपका असा दिसतोय, डावीकडं झुकलेला, तांदळाच्या दाण्याएवढा! शहाण्णव केबीत बसवलाय. फोटो तयार आहे.

पण मी तो अजून पाठवला नाही. आधी तुला एक सांगायचंय. फोनवर सांगणार होते, पण धाडस झालं नाही.

गेल्या वर्षीचा फोटो दत्तप्रसादनं घालवला नाही. मी घालवला. तू घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो आमच्या दादानं पुढे पाठवला, तो मी उचलला. दिवाळीची गर्दी, बारा फ्लेक्स डोक्यावर. एका ॲपमध्ये टाकला, दाबला. त्यावर तुझं नाव लिहिलं, परत साठवला, परत दाबला. मर्यादा शंभर केबीची होती, मी सोळा केबीचा करून ठेवला. उघडून बघितलासुद्धा नाही. सोळा केबीत ठिपका कुठला राहतोय? काळ्या ठिगळांत बुडाला. त्या माणसानं जे दिसलं नाही ते नाही म्हणून लिहिलं.

तू वर्षभर त्याला शिव्या दिल्यास आणि मी "हां आत्ती, हां आत्ती" करत ऐकलं. पुण्याची पैज त्यातनंच लागली हे मला परवा कळलं. माझ्या आळसापायी तुझं घर सुटायची वेळ आली. मला माफ कर म्हणायलाही लाज वाटतेय.

तू हो म्हणालीस तरच फॉर्म भरते. नाहीतर तुझा विश्वास असेल त्याच्याकडून भर. फोटोचं कार्ड सोबत ठेवलंय.

स्वप्नाली


मंगळवार पेठ
४ ऑक्टोबर

आत्ती,

तू फोन उचलत नाहीस. आकारामभाऊ म्हणतात, तू पाकीट घेतेस आणि तशीच आत जातेस. दसऱ्याचं सोनं द्यायला बाबा येणार होते, त्यांनाही नको म्हणालीस.

सहाच दिवस राहिलेत. माझ्यावर राग काढ, हवं तर येऊन चार फटके दे. पण ताराचा फॉर्म राहू देऊ नकोस. दादाकडून भर, अनुजाकडून भर. फक्त भर.

स्वप्नाली


वारणानगर
७ ऑक्टोबर

स्वप्नाली,

राग आलता. लई आलता. खोटं कशाला बोलू? तुजं पत्र वाचलं आणि ताराफुडं बसून रडलो. म्हणलं, माज्या भावाची पोर, माज्या मांडीवर वाढलेली, आणि वरीसभर तोंड गप ठेवून बसली. फोटू बिगाडला त्याचं काय न्हाय गं. माज्या हातनं बी दूध उतू जातं. पर गप का बसलीस?

दसऱ्याला सम्राट आलता. हाट्टानं म्हणालो, तूच भर फॉर्म. त्यानं पुण्याच्या फोनवर फोटू काढला. लई भारी फोन, लाखाचा म्हणं. फॉर्मनं घेतलाच न्हाय! फोटू एचईआयसी का काय निघाला, आणि फॉर्म जेपीजीवर आडून बसलेला. सम्राट घामाघूम. मग त्यानं कुठल्यातरी ॲपात घालून त्याचा जेपीजी केला तर तीन एमबी. मग दाबला तर नऊ केबी. ताराचा रेडा झाला! मी म्हणालो, "लेका, आदी काप, मग ल्हान कर, शेवटी दाब. गव्हाणीवर लिवलंय बग." त्यो वाचत बसला तुजा कागद. म्हणाला, "स्वप्नीला हे गेल्या वर्षी माहीत नव्हतं का?" तवा मला कळलं बग. तुला ठाव नव्हतं. ह्या वरसात शिकलीस, ते चुकलीस म्हणून. न्हायतर माज्यासाठी एवढं बारीक बारीक कोण लिवून देतंय?

काल खव्याचा डबा घेऊन बावड्याला गेलो. दत्तप्रसादाच्या म्होरं हुबी ऱ्हायलो आणि म्हणालो, "बाबा, माजं चुकलं. तुजा चष्मा चांगला हाय." त्यो आदी घाबरला, मग हसला. म्हणाला, "मावशी, त्या दिवशी घरी जाऊन मी खरंच चष्मा धुतला होता."

आता तू माज्या पाया पडायचं न्हाय आणि माफी मागायची न्हाय. फॉर्म भर. तूच भर. दुसऱ्या कुणी भरल्याला मला चालणार न्हाय.

कार्ड परत पाठिवतोय. संगं खवा हाय. आटवताना मी ढवळत हुतो, करपला न्हाय.

आत्ती


मंगळवार पेठ
११ ऑक्टोबर

आत्ती गं!

खवा दुकानात सगळ्यांनी खाल्ला आणि मी तो खाता खाता रडले. मशीनवरचे पोपटराव म्हणाले, "तिखट हाय काय?"

फॉर्म आठ तारखेलाच भरला. पाठवण्याआधी फोटो तीनदा उघडून बघितला, ठिपक्यावर बोट ठेवून. आज उत्तर आलं. अर्ज मंजूर! बिल्ला क्रमांक एक्केचाळीस! नाद खुळा, आत्ती, नाद खुळा!

फ्लेक्स दहा फूट बाय आठ फूट. तारा मूळ फोटोतून घेतलीय, एक केबीसुद्धा न दाबता. पापण्या मोजता येतात. पाडव्याला दुकानाची पूजा आहे, ती उरकून मी थेट बावड्याला पोचते. थोडा उशीर होईल. माझ्यासाठी ताराला थांबवू नकोस, तिला पळू दे.

तुझी, आणि आता न लपवता सगळं सांगणारी,
स्वप्नाली


वारणानगर
२५ ऑक्टोबर

स्वप्नाली पोरी,

तू आलीस तवा तारा पळत हुती, ते तू बगितलंस. त्याच्या आदी काय झालं ते तुला ठाव न्हाय. तितं गर्दीत सांगता आलं न्हाय, आणि फोनवर सांगायची ही गोष्ट न्हवं.

पाडव्याच्या सकाळी उठून गोठ्यात गेलो. ताराचं आख्खं कपाळ पांढरं! शिंगापास्नं नाकापतूर. भिंत बगतो तर ओली. ताजा चुना. आणि ही बया त्या भिंतीवर कपाळ घासून मोकळी! ज्या ठिपक्यासाठी भिंत रंगवली, त्यो ठिपका त्याच भिंतीनं गिळला.

पाण्यानं धुतलं, निम्मं निघालं. आकारामचा टेम्पो दारात हॉर्न मारतुया. शिंगं रंगवलेली, मोरपिसं बांधलेली, कवड्यांची माळ गळ्यात. तशीच घातली टेम्पोत. सम्राट दिवाळीला आलता, त्यो मागं तिचं दावं धरून बसला.

बावड्यात दत्तप्रसाद फोटू घेऊन हुबा. त्यानं फोटू बगितला, तारा बगितली. "मावशी, फोटोत ठिपका एक आहे. इथं तर सगळं कपाळच पांढरं." मागं लोक वरडाय लागलं, फुडं घ्या, फुडं घ्या. मी पदरानं पुसाय लागलो तर चुना आनिकच पसरतुया. मग त्या माणसानं खिशातनं रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि सोता पुसाय लागला. मी वरीसभर शिव्या दिल्या त्यो माणूस, इस्त्रीच्या कपड्यात, म्हशीचं कपाळ पुसतुया! चुना सरला, सरला, आणि खालनं ठिपका वर आला. त्यानं फोटू जवळ धरला. म्हणाला, "डावीकडं झुकलेला, तांदळाएवढा. तोच आहे." बिल्ला त्यानंच बांदला.

मग मी पदर खोचला, वहाणा सम्राटच्या हातात दिल्या आणि हाक मारली, "ताऽरे!" बाकीच्यांच्या म्हशी फटफटीच्या मागं पळत्यात. माजी माज्या मागं पळाली. सत्तावन्न वरसं वय, गुडघं दोन महिने बोलणार न्हाईत माज्याशी. पर तू शिट्टी वाजवलीस ती मला ऐकू आली.

आता खरं ते सांगतो. त्यो चुना सम्राटनं लावलता. आदल्या दिवशी सांजचं, मी बाजारात गेलतो तवा. काल त्यो पुण्याला निघाला तवा इचारलं मी, "लेका, कशाला उगाच? सगळा इस्कोट झाला आसता की." त्यो बुटाची नाडी बांदत खाली बगून म्हणाला, "अनुजा सांगत होती, पुढच्या महिन्यात परत भरतीचे फॉर्म सुटतायत. पोरं येतील फोटोला. भिंत ठीक नको?"

कळलं का तुला? आदल्या दिवशी, पोरी. बिल्ला मिळायच्या आदी. आईला पुण्याला न्हेणारा माणूस गोठ्याची भिंत कशाला रंगवंल? त्यानं पैज तवाच सोडलीती, नुसतं तोंडानं बोलला न्हाय. तुमी दोगं भाऊ-भन एकाच वळणाचं, गप बसायचं. मी त्याच्या तोंडावरनं हात फिरवला आणि लई रडलो, आनंदानं.

फ्लेक्स घरी आणलाय. भिंतीवर लावला न्हाय, भिंत कोरीच पायजे. गंजीवर झाकलाय. कडबा भिजत न्हाय आणि तारा सोताचं तोंड बगत रवंथ करतीया.

आज सकाळी सात जण आलते. तुजा कागद हाताळून हाताळून फाटत आलाय. नवा लिवून दे, मोठ्या अक्षरात. आणि "उजेडात काढ" ते एकदम वर लिव, ताराचं तोंड पोचणार न्हाय तितं.

तुजी आत्ती,
तानाबाई, मुक्काम वारणानगर, कायमचा